नावाला हलका : आमचा १७ फुटी ट्रेलर, चार हंगामांनंतर

आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरात, सिंकवरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं वजन लिहिलंय. नवरा १७५, मी १४०, मुलगा १४०, मुलगी ८०, सासूबाई १२५. सगळं पौंडात. साखर काढायला कपाट उघडणारा पाहुणा हमखास विचारतो, हे काय? तर हे आमच्या ‘लाइटवेट’ ट्रेलरचं खरं माहितीपत्रक. डीलरने दिलेलं रंगीत माहितीपत्रक केव्हाच रद्दीत गेलं.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो. ट्रेलर घेतला एप्रिल २०२१ मध्ये. कोविडमुळे भारतात जाणं होत नव्हतं, हॉटेलात राहायची धास्ती होती आणि पोरं घरात बसून एकमेकांच्या जिवावर उठली होती. त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेला एकदमच ही बुद्धी सुचली होती. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही, म्हणजे अशी चाकांवरची घरं, बाहेर पडल्या, तो विक्रम होता. दोनच वर्षांत, २०२३ मध्ये, तो आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. एवढ्या घाईत शिवलेल्या गोधडीचे टाके कसे असणार, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण डीलरकडे तीन ट्रेलर उरले होते आणि आमच्या मागे दोन कुटुंबं उभी होती. आम्ही १८,४०० डॉलर अधिक टॅक्स मोजले आणि मोकळे झालो.

कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. या किमतीतल्या चार-पाच कंपन्यांचे ट्रेलर शेजारी उभे करून वरची चित्रं खरवडली, तर माझा कुठला हे मलाच ओळखता येणार नाही. बाहेरून पन्हळी अॅल्युमिनियमचा पत्रा, आत दीड-दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये गुलाबी फायबरग्लास, आतल्या बाजूला वॉलपेपर लावलेलं कागदासारखं पातळ प्लाय. एकच अॅक्सल, म्हणजे चाकांची एकच जोडी. पुढे आडवा डबल बेड, मागे एकावर एक झोपायचे दोन बंक, मध्ये समोरासमोर बाकं आणि टेबल, दोन बर्नर, बुटका फ्रिज आणि एका कोपऱ्यात न्हाणीघर. तिथे आंघोळ करताना कोपर दाराला आणि गुडघा कमोडला लागतोच. नावात १७, पण पुढच्या दांड्यासकट मोजला तर २१ फूट भरतो. घरासमोर उभा करताना हे कळलं. बेडला ‘क्वीन’ म्हणतात, ती राणी सहा इंच बुटकी आहे. नवऱ्याचे पाय चार वर्षं भिंतीला टेकलेत.

आता वजनाचं. यात आम्ही सगळ्यात जास्त फसलो आणि सगळ्यात जास्त शिकलो.

माहितीपत्रकात लिहिलं होतं २,९८० पौंड. आमची तीन ओळींच्या सीटांची एसयूव्ही ५,००० पौंड ओढते. सेल्समन म्हणाला, भरपूर जागा आहे, मागे आहे हे जाणवणारसुद्धा नाही. तो खोटं बोलत नव्हता, अर्धंच बोलत होता. २,९८० हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या डब्याचं वजन. त्यात बॅटरी धरलेली नसते, गॅस धरलेला नसतो, पाणी नसतं, ताट-वाटी-कुकर काही नसतं. माणसं तर नसतातच. ट्रेलरने भरून जास्तीत जास्त किती व्हायचं तो आकडा वेगळा, आमच्यात ३,८५०. आणि याहून महत्त्वाचा आकडा ट्रेलरवर नसून गाडीवर असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून इतक्याच्या वर नको, असं त्यावर असतं. आमच्या गाडीवर १,२४०. ट्रेलरचा दांडा हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या आकड्यावर, जेवढा भार टाकतो, तोही या १,२४० मधूनच जातो. त्याला इकडे ‘टंग वेट’ म्हणतात, आणि तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. कमी झाला तर ट्रेलर शेपूट हलवतो, जास्त झाला तर गाडीचं नाक वर जातं.

हे मी आता पोपटासारखं म्हणते. पहिल्या वर्षी यातलं काही ठाऊक नव्हतं.

जुलै २०२१. लडिंग्टन स्टेट पार्कला निघालो होतो. नवरा मूळचा माणदेशातला, दहिवडीकडचा. भरलेली टाकी पाहिल्याशिवाय या माणसाला झोप येत नाही. कॅम्पग्राउंडवर नळ आहे हे मी चारदा सांगितलं, तरी त्याने घरूनच २५ गॅलन पाणी भरून घेतलं. एक गॅलन म्हणजे आठ पौंडांच्या वर, म्हणजे टाकीच दोनशे पौंडांपुढे गेली. आमची टाकी मागे, बंकच्या खाली, चाकांच्या मागच्या बाजूला आहे. त्यात मागच्या बंपरवर चार सायकली. म्हणजे सगळं ओझं शेपटाकडे आणि तोंड हलकं. हायवेवर एक अठरा चाकी आमच्या डावीकडून पुढे गेला, आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी उजवीकडे सरकला, मग डावीकडे, मग परत उजवीकडे, दर वेळी जरा जास्त. आरशात मला आमच्याच ट्रेलरची बाजू दिसत होती. ती दिसता कामा नये.

नवऱ्याने ब्रेकवर पाय नेला नाही, हे आमचं नशीब. डीलरकडच्या पोराने निघताना एकच कामाची गोष्ट सांगितली होती: डुलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका, अॅक्सिलरेटर सोडा आणि डॅशबोर्डखालच्या डबीचा खटका दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ओढला जाऊन सरळ होतो. तसाच झाला. पुढच्या एक्झिटला उतरून गॅस स्टेशनच्या मागे गवतात २५ गॅलन पाणी सोडून दिलं. नवरा त्या पाण्याकडे बघत उभा होता, त्याचा चेहरा मी विसरणार नाही. सायकली ट्रेलरच्या आत, टेबलाखाली कोंबल्या. लडिंग्टनपर्यंतचा उरलेला रस्ता कोणी बोललं नाही. तो दिवस निभावला तो तिथल्या दीपगृहामुळे. काळे-पांढरे पट्टे, ११२ फूट उंच, १८६७ सालचं. वाळूतून दोन मैल चालत गेलं की एकदम समोर येतं. पोरांना तेच आठवतं, मला मात्र आरसा.

दुसऱ्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून आल्या तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, तिथे पंधराएक डॉलरमध्ये गाडीचे पुढचे चाक, मागचे चाक आणि ट्रेलर असं वेगवेगळं वजन छापून मिळतं. एकदा ट्रेलरसकट जायचं, एकदा सोडून. सगळे गाडीत बसलेले हवेत. सासूबाईंना वाटलं चहाला थांबलोय, त्या उतरायला लागल्या.

“आई, बसून राहा, तुमचं पण वजन करायचंय.”

“माझं? ते कशाला?”

“सगळ्यांचं एकदम.”

“गुऱ्हाळावर उसाची गाडी करतात तसं?” आणि पदर सावरून फोटोला बसावं तशा ताठ बसल्या.

चिठ्ठीवर आलं ते असं. नुसती गाडी, आम्ही पाच जण आणि सामान धरून ५,५६०. ट्रेलर जोडल्यावर गाडीच्या चाकांवर ५,९६०, ट्रेलरच्या चाकांवर ३,१८०. म्हणजे दांड्याचा भार ४००, आणि ट्रेलर एकूण ३,५८०. माहितीपत्रकापेक्षा ६०० पौंड जास्त, आणि हे पाण्याची टाकी कोरडी असताना. टक्केवारी अकराच्या वर, ती चांगली. पण आमच्या गाडीने भरून सोसायचं एकूण वजन ६,००० पौंड. शिल्लक किती, तर ४०. ओढायच्या ५,००० मधले चौदाशे पौंड बाकी होते, ते कागदावर तसेच पडून राहिले. आमची गाडी आधी भरली ती माणसांनी. तेव्हा तो कपाटातला कागद लिहिला. म्हणून सांगते, ‘लाइटवेट’ ट्रेलर बघायला जाताना आधी आपल्याच गाडीचं दार उघडा. पाच माणसांचं कुटुंब आणि मधल्या आकाराची एसयूव्ही असेल, तर तीन हजार पौंडी ट्रेलरसुद्धा तुम्हाला हलका नाही. दोघंच असाल तर हाच ट्रेलर मजेत ओढाल.

मायलेजचं एका वाक्यात सांगते. एरवी गॅलनला २३ मैल देणारी गाडी ट्रेलर लावला की ११ वर येते, आणि त्याला वजन फारसं कारण नाही, दहा फूट उंच सपाट तोंड घेऊन वाऱ्यात घुसायचं हे कारण आहे. रिकामा नेला तरी ११च.

आता कारागिरीकडे वळते. पहिल्या हंगामात काय काय निसटलं त्याची यादी द्यायला बसले तर वेळ जाईल. वरच्या कपाटाचं दार पहिल्याच दिवशी हातात आलं, कारण बिजागरीचे स्क्रू लाकडात न जाता नुसत्या प्लायमध्ये मारले होते. सिंकखालचा नळकांड्याचा जोड हातानेसुद्धा आवळलेला नव्हता. बाकाखाली लाकडाचा भुसा, स्टेपलच्या पिना आणि कुणाचं तरी पेन्सिलीचं टोक सापडलं. एसी सुरू केला की एसटीत बसल्यासारखं वाटतं, पण गारवा चोख देतो. तीस अॅम्पिअरची वीज, म्हणून एसी, मायक्रोवेव्ह आणि आमचा भाताचा कुकर तिन्ही एकदम लावले की अंधार. यातलं काहीच जिवावरचं नाही. स्क्रूड्रायव्हर हातात धरता येत असेल तर हसून सोडून द्यायच्या गोष्टी. येत नसेल तर मात्र दर वेळी डीलरकडे जा, आणि तो हंगामात सहा-सात आठवडे ट्रेलर अडकवून ठेवणार.

एक चूक मात्र निव्वळ आमची. पाणी तापवायच्या टाकीला गॅसही असतो आणि विजेची कांडीही. आम्ही टाकीत पाणी यायच्या आधीच बटण दाबलं. कांडी कोरडी तापली, जळाली. मुंबईत बादलीत हीटर सोडताना पाणी बघायची अक्कल ज्या बाईला होती, तिने हे केलं.

आता खरं दुखणं. जून २०२२. सासूबाईंना घेऊन अप्पर पेनिन्सुलाला, म्हणजे मिशिगनच्या पुलापलीकडच्या उत्तर भागात, टाकवामेनन धबधब्याला गेलो होतो. वाटेत मॅकिनॉ पूल लागतो, १९५७ सालचा, पाच मैल लांब. आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे. तिच्यातून खाली पाणी दिसतं आणि चाकांचा गुं-गुं आवाज येतो. वारा जास्त असला की वेग कमी करायला लावतात, आणि उंच गाड्यांना कधी कधी पहारा देऊन नेतात. आम्ही बाहेरच्या लेनने गोगलगाईसारखे गेलो, सासूबाईंचं रामरक्षेचं एक आवर्तन पूर्ण झालं. धबधबा बघून त्या म्हणाल्या, “अरे, हा तर चहाचा!” खरंच तसा आहे. वरच्या दलदलीतल्या झाडांच्या सालीपाल्याचं टॅनिन उतरून पाणी तांबूस तपकिरी होतं. “पण आमच्या ठोसेघरची उंची नाही,” हेही लगेच.

त्या रात्री पाऊस पडला. सकाळी मी पोह्यांना फोडणी दिली. धुराचा अलार्म नेहमीप्रमाणे कोकलला, तो मुलाने नेहमीप्रमाणे टॉवेलने वारा घालून गप्प केला. सासूबाई पुढच्या बेडच्या कडेला बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, “अगं, इथं कुबट वास येतोय.”

मी म्हटलं, पावसाचा असेल.

“पावसाचा नाही गं. ओल आल्याचा. आपल्या साताऱ्याच्या माजघराच्या भिंतीला श्रावणात येतो तो.”

नवऱ्याने नाक लावलं, त्याला काही आलं नाही. मी लावलं, मला फक्त मोहरी-हिंग. सासूबाईंनी गादी उचलायला लावली, आणि खालच्या कोपऱ्यात बोटाने दाबलं. वॉलपेपर आत गेला आणि बाहेर आला नाही. बोटाचा ठसा तसाच राहिला.

घरी येऊन बघितलं तर गळती खाली नव्हतीच. ती पार वर होती, ट्रेलरच्या कपाळावरच्या छोट्या पिवळ्या दिव्यापाशी. त्या दिव्याच्या भोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा चिकट लेप, वर्षभरात आक्रसून भेगाळलं होतं. पाणी तिथून आत जायचं, भिंतीच्या पोटातून ओघळत खाली यायचं आणि कोपऱ्यात साठायचं. वॉरंटी एक वर्षाची, ती दोन महिन्यांपूर्वी संपलेली. आणि असती तरी फरक पडला नसता. सीलंट दर तीन महिन्यांनी तपासणं ही मालकाची देखभाल, असं पुस्तकात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतंच. डीलरने २,४०० डॉलर सांगितले आणि सात आठवड्यांनंतरची तारीख दिली. पावसात आणखी सात आठवडे.

आमच्या सोसायटीत घरासमोर ट्रेलर ४८ तासांच्या वर उभा करता येत नाही. एरवी तो महिना ६५ डॉलर भाड्याने एका यार्डात असतो (हा खर्च विकत घेताना कोणी धरत नाही, धरा). नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं साउथ लायनला मोठं घर आणि कोठार आहे, तिथे नेला. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या पट्टीतली प्लास्टिकची वादी ओढून काढली. खाली स्क्रूंची रांग, त्यातले निम्मे गंजलेले, दोन तर नुसत्या बोटाने निघाले, कारण पलीकडे पकडायला लाकूडच उरलं नव्हतं. पट्टी सोडवली, पत्रा उलगडला. आतलं लाकूड मी हातात घेतलं तर चरकातून तीनदा गेलेल्या उसाचं चिपाड. पिळलं तर पाणी. गुलाबी फायबरग्लासचा काळा लगदा झालेला. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “हे सव्वा वर्षाचं?”

कुजलेलं तीनेक फूट लाकूड कापून काढलं. दोन दिवस पंखा लावून सगळं खडखडीत वाळू दिलं, ही घाई करायची नाही. नव्या पट्ट्या जुन्याला जोड देऊन बसवल्या. पट्टीच्या मागची वाळलेली पुटीन प्लास्टिकच्या पातीने खरवडायला मला आणि मुलाला चार तास लागले. धातूची पाती वापरली तर पत्रा ओरखडतो. मग ब्यूटिलची, म्हणजे रबरासारखी मऊ, नवी चिकट पट्टी, ती जरा बाहेर ओघळेल इतकी जाड, त्यावर अॅल्युमिनियमची पट्टी, नवे स्टेनलेसचे स्क्रू, जुन्यापेक्षा अर्धा इंच लांब, आणि वरून सीलंट. छतावर आपोआप पसरणारं वापरायचं, उभ्या भिंतीवर न ओघळणारं. आम्ही आधी चुकीचं घेऊन आलो होतो, ते मुलाने डब्यावर वाचलं म्हणून वाचलो. सगळं सामान १८० डॉलरमध्ये झालं. त्यानंतर तो कोपरा तीन हिवाळे कोरडा आहे.

शिकागोहून परतताना एकदा मुद्दाम वाकडी वाट करून इंडियानात एल्कहार्टला गेलो. या देशातल्या बहुतेक आरव्ही याच गावाच्या पंचक्रोशीत बनतात. तिथे आरव्हींचं संग्रहालय आहे, त्यात १९१३ सालचा एक ट्रेलर फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागे जोडून ठेवलाय. लाकडी, छोटासा, बग्गीचा चुलतभाऊ शोभेल असा. त्याचे सांधे बघत मी बराच वेळ उभी राहिले. आसपासच्या बऱ्याच कारखान्यांत कामगारांना तासावर नाही, नगावर पैसे मिळतात, पहाटे सुरू करून जितके डबे लवकर संपतील तितकं बरं. मला त्या कामगारांचा राग नाही. स्क्रू लाकडात गेला की प्लायमध्ये, हे बघायला थांबलेल्याचे पैसे कापले जात असतील, तर मीही थांबले नसते. म्हणून स्वस्त ट्रेलर म्हणजे ऐंशी टक्के तयार ट्रेलर, असं मी धरून चालते. उरलेले वीस टक्के आपण बांधायचे. अट एवढीच की हे विकत घेण्याआधी माहीत हवं.

आता ज्यावर कोणी लिहीत नाही, पण प्रत्येक देशी बाई मला बाजूला घेऊन विचारते ते. संडासाची टाकी. इथले लोक तिच्या नावाने कापतात, कारण कागद. पाणी कमी आणि कागद जास्त झाला की टाकीत वारूळ तयार होतं आणि पाइपातून काही उतरत नाही. आमच्याकडे टमरेल असल्याने कागद जवळपास नाही आणि पाणी भरपूर. टाकी लवकर भरते हे खरं, तीन दिवसांत रिकामी करावी लागते. पण उतरते अशी सरळ, की शेजारचे लोक बघत राहतात. आधी ती सोडायची, मग सिंक-आंघोळीची. म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे दोन जोड ठेवा. हे काम आमच्याकडे नवऱ्याचं, त्याबद्दल चर्चा नाही.

मागे घेणं हा संसाराचा भाग आहे, ट्रेलरचा नाही. स्टिअरिंग खालून धरायचं आणि ज्या बाजूला ट्रेलर न्यायचा त्या बाजूला हात न्यायचा, एवढंच गुपित. ते कळेपर्यंत आम्ही तीन कॅम्पग्राउंडवर करमणुकीचा कार्यक्रम केला. सासूबाई म्हणाल्या, “बैलगाडी कोण मागे घेतं? वळवून आणायची.” त्यानंतर जिथे मिळेल तिथे आरपार जाणारी जागा बुक करतो. मिशिगनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. जुलैच्या शनिवारसाठी जानेवारीत सकाळी फोन हातात घेऊन बसायचं, तत्काळच्या तिकिटाला बसायचो तसं. आणि जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या एका हिरव्या किड्याने इथली अॅश नावाची झाडं संपवत आणलीत, तो ओंडक्यांतून प्रवास करतो.

बाकीचं भराभर. टायर चौथ्या वर्षानंतर बदला, नक्षी नवी दिसली तरी. ट्रेलरचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात, आणि बाजूच्या चार आकड्यांत त्यांची जन्मतारीख असते, आधी आठवडा मग वर्ष. नवं चाक लावल्यावर पन्नास मैलांवर थांबून नट परत आवळा. ऑक्टोबर संपायच्या आत पाइपांतलं पाणी काढून थंडीत न गोठणारं गुलाबी अँटीफ्रीझ भरा, एका शेजाऱ्याने आळस केला आणि मार्चमध्ये त्याच्या भिंतीतून कारंजं आलं. नंबरप्लेट मिशिगनमध्ये एकदाच पैसे भरून कायमची मिळते, ही एक गोष्ट स्वस्त.

घ्यावा का? माझं मत, नवा घेऊ नका. तीन-चार वर्षांचा घ्या. किंमत उतरलेली असते आणि ज्याला गळायचंय तो तोवर गळलेला असतो, म्हणजे निदान दिसतं. बघायला जाताना पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. गाद्या उचला, चारही कोपरे मुठीच्या उलट्या बाजूने दाबा, छतावर शिडी लावून चढा. विकणाऱ्याने आत सुगंधी मेणबत्ती लावली असेल तर परत फिरा. आणि घरात एखादं जुनं, दगडी भिंतींच्या घरात पावसाळे काढलेलं नाक असेल तर बरोबर न्या.

आम्ही आमचा विकणार नाही, तो आता मीच बांधलाय. चार हंगामांत ७१ रात्री झाल्या. यार्डाचं भाडं, विमा, टायर, कांडी, सीलंट सगळं धरून रात्रीचा खर्च हॉटेलपेक्षा फार कमी पडलेला नाही, हा हिशोब मी नवऱ्याला दाखवलेला नाही.

मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये कॉलेजला अॅन आर्बरला गेला. घरापासून अर्ध्या तासावर, पण ट्रेलरमध्ये येत नाही, त्याला वेळ नसतो. परवा हंगामाच्या आधीची झाडलोट करताना कपाट उघडलं, तर कागदावरचं त्याचं नाव पेन्सिलीने खोडलेलं. पुढे मुलीच्या अक्षरात लिहिलंय, ‘कायाक – ५०’, म्हणजे वल्ह्याची होडी. त्याखाली सासूबाईंचं १२५ तसंच आहे. त्या जूनमध्ये येतायत, आणि कालच फोनवर विचारत होत्या की गोडा मसाला किती किलो आणू.